अकोल्याच्या डोंगरातली सव्वातीन वर्षांची पलटण

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा मी दोनदा टाळलं. मी सॉफ्टवेअरमधली, लिहिते ते कोड आणि ईमेल. शाळेच्या आठवणी माझ्यापेक्षा चांगल्या लिहिणारे लोक आपल्या बॅचमध्ये आहेत. पण वर्षभर एक विषय डोक्यात घोळतोय. तो आपल्या तालुक्याचा आहे, आपल्या वर्गातल्या बाकांपर्यंत येऊन पोचणारा आहे आणि आपल्या इतिहासाच्या पुस्तकात तो कधी नव्हता. म्हणून आठवणींऐवजी हा इतिहास.

तरी सुरुवात एका आठवणीनेच करते. आपली नगरची सहल आठवते ना? भुईकोट किल्ला, चांदबीबीचा महाल आणि शेवटी रणगाडा संग्रहालय. ते १९९४ मध्ये सुरू झालं, म्हणजे तेव्हा अगदी नवंकोरं होतं. उन्हात तापलेल्या लोखंडाला हात लावून आपण सगळ्यांनी चटके घेतले होते. १९६५ च्या युद्धात हाती लागलेल्या पॅटन रणगाड्यासमोर मुलं जी थांबली ती हलेनात. बाई हाका मारून थकल्या. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: सैन्य म्हणजे यंत्र. ज्याचं यंत्र मोठं तो जिंकतो.

पुढे मी इंजिनिअर झाले, त्यामुळे हा समज आणखी घट्ट झाला. तो सुटला गेल्या पावसाळ्यात. रात्रीच्या सपोर्टच्या पाळीत सिस्टीम शांत असली की मी काहीबाही वाचत बसते. अशाच एका रात्री ब्रिटिशांच्या काळातलं मुंबई इलाख्याचं गॅझेटियर उघडलं आणि त्यात 'अकोला' शोधलं. आपण अकोलेकर आयुष्यभर 'विदर्भातलं ना?' या प्रश्नाला उत्तर देत आलो आहोत. गोऱ्या साहेबांनी तर आपल्या तालुक्याचं नावच अकोला असं लिहून ठेवलंय! त्या 'अकोला'च्या मागे मागे जाताना मला ती पलटण सापडली. कोळी कोअर, म्हणजे महादेव कोळ्यांची पलटण. भरती डिसेंबर १८५७, विसर्जन मार्च १८६१. उणीपुरी सव्वातीन वर्षं.

आधी गड रिकामे झाले

या पलटणीची गोष्ट कळायला थोडं मागे जावं लागतं.

आपल्या तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे गडांची रांगच. हरिश्चंद्रगड, रतनगड, अलंग, मदन, कुलंग, पट्टा, बितनगड. १६७९ मध्ये जालन्याच्या स्वारीवरून परतताना मोगली फौज पाठीवर होती. तेव्हा बहिर्जी नाईकांनी आडवाटांनी शिवाजी महाराजांना पट्ट्यावर सुखरूप आणलं. महाराजांनी तिथे विश्रांती घेतली म्हणून तो विश्रामगड. ही गोष्ट आपल्याला पाठ आहे, पण तिचा एक अर्थ मला अलीकडे लागला. त्या दिवशी निकाल लावला तो वाटेच्या माहितीने. ही माहिती तोफेसारखी ओतून तयार करता येत नाही. ती डोंगरात वाढलेल्या माणसाच्या पायात असते.

अशी माणसं पिढ्यानपिढ्या गडांच्या पहाऱ्यावर आणि घाटांच्या राखणीवर होती. त्यांचं पोट त्यावर होतं. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हे गड इंग्रजांच्या हाती गेले. इंग्रजांनी गडांच्या पायऱ्या आणि तटबंद्या पाडल्या, कारण पुन्हा कुणी वर चढून बसू नये. लष्करी दृष्टीने विचार बरोबर होता. पण तटाबरोबर पहारेकऱ्याचं कामही गेलं. शस्त्र चालवता येणारा, डोंगर पाठ असलेला, मानाची सवय असलेला माणूस एका हुकुमाने रिकामा झाला. जोडीला सावकाराचं कर्ज आणि नव्या राज्याचा सारा.

पुढची तीस वर्षं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. रामा किरवाचं बंड झालं. मग देवगावच्या राघोजी भांगरेंचं. राघोजींना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. आपण या बंडांकडे शौर्य म्हणून पाहतो आणि ते आहेच. पण त्यामागे एक हिशेबाची चूकही दिसते. युद्ध संपल्यावर लढणाऱ्या माणसाचं करायचं काय, हे ठरवल्याशिवाय नव्या राज्याने गडांना कुलपं लावली.

नटॉलची भरती

ऑक्टोबर १८५७. उत्तरेत बंड पेटलेलं होतं. इकडे सिन्नर तालुक्यातल्या नांदूर शिंगोट्याचे भागोजी नाईक गाव सोडून बाहेर पडले. ते पूर्वी नगरच्या पोलिसात अधिकारी होते, शिक्षा भोगून आले होते. लोकांची शस्त्रं काढून घ्यायचा सरकारी हुकूम निघाला तेव्हा त्यांनी पन्नासेक भिल्ल साथीदारांसह पुणे-नाशिक रस्त्यावर ठाण मांडलं. त्यांच्यावर चालून गेलेला पोलिस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री ४ ऑक्टोबरला मारला गेला. त्याच महिन्यात आपल्या समशेरपूरच्या डोंगरात चकमक झाली. तिथेही इंग्रज अधिकारी जखमी झाले आणि भागोजी निसटले.

हे असं का होत होतं? नेहमीच्या पलटणीबरोबर तंबू असायचे, सामानाचे बैल असायचे, स्वयंपाकाचा पसारा असायचा. अशी पलटण रस्त्याने चालते. भागोजी रस्त्याने चालत नव्हते. पलटण डोंगराच्या पायथ्याशी पोचेपर्यंत ते पलीकडच्या खोऱ्यात असायचे.

तेव्हा कॅप्टन नटॉल या अधिकाऱ्याने डिसेंबर १८५७ मध्ये जुन्नर, अकोले आणि नाशिकच्या डोंगरी भागातून महादेव कोळ्यांची भरती सुरू केली. पहिली ११० माणसं आली ती स्वतःच्या तलवारी आणि बंदुका घेऊन. त्यांचा उपयोग दिसला तेव्हा आणखी १२० घेतली. पुढे ही पलटण ६०० पर्यंत वाढवली गेली.

नटॉलने भरतीसाठी प्रत्येक कुळाच्या प्रमुखाला गाठलं आणि जो जितकी माणसं आणेल त्याप्रमाणे हुद्दा द्यायचं कबूल केलं. बांबळे कुळाचे प्रमुख जावजी नाईक पलटणीचे मुख्य झाले. आणि अधिकाऱ्यांमध्ये एक होते राघोजी भांगरेंचे सख्खे भाऊ.

हे वाक्य मी तीनदा वाचलं. ज्या सरकारने राघोजींना फासावर दिलं, त्याच सरकारच्या पलटणीत दहा वर्षांच्या आत त्यांचा भाऊ अधिकारी होता आणि गॅझेटियर त्याला विश्वासू म्हणतं. या माणसाच्या मनात काय चाललं असेल? पोट? घराण्यावरचा डाग पुसायची संधी? पुन्हा मानाने शस्त्र धरता येतंय याचं समाधान? त्याने स्वतः लिहून ठेवलेलं काही माझ्यासमोर नाही. आहे तो साहेबाचा शेरा. म्हणून मी त्याला ना फितूर म्हणणार, ना शहाणा.

पाठीवर मावेल तेवढंच

आता या पलटणीची लढायची रीत पाहा. इंजिनिअर म्हणून मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं ते या भागाने.

हत्यार म्हणजे हलकी बंदूक आणि तिला संगीन. चामड्याचे काळे पट्टे. गडद हिरवं मुंडासं, गडद हिरवा अंगरखा, गुडघ्यापर्यंत काळपट लाल धोतर, पायात वहाणा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांचं सैन्य लाल डगला घालून मिरवत असताना आपल्या डोंगरात ही पलटण जंगलात मिसळून जाणारा हिरवा रंग घालून फिरत होती. तंबू नाहीत, सामानाचे बैल नाहीत. प्रत्येकाचा संसार पाठीवरच्या दोन झोळ्यांत. जेवण गटागटाने, आणि चालताना एकाच्या पाठीवर पातेलं, दुसऱ्याच्या पाठीवर तवा, अशी भांडी वाटून घेतलेली. या पसाऱ्यासकट दिवसाला तीस-चाळीस मैल, म्हणजे पन्नास-साठ किलोमीटर, तेही खडकाळ डोंगरातून. अकोल्याहून राजूर, भंडारदरा करत घाटघरपर्यंतचं अंतर साधारण तेवढं भरतं. आपण ते गाडीने जातो आणि पोचल्यावर कंबर दुखते म्हणतो. ही माणसं मुक्कामाला पोचल्यावर आधी बंदूक साफ करायची, मग बाकीचं.

त्यांना कवायत शिकवायला नगरच्या पोलिसातून माणसं आणली होती. वेगळं प्रशिक्षण द्यायला वेळच नव्हता. मोहीम चालू असतानाच शिकणं चालू होतं. पण जे शिकवायला वर्षं लागतात ते त्यांना आधीच येत होतं: उतारावर पाय कसा ठेवायचा, पाणी कुठे असेल, माणूस कुठून पळेल.

सैन्याच्या भाषेत 'डॉक्ट्रिन' नावाचा शब्द आहे. लढायचं कसं, याचा आधीच ठरवून ठेवलेला विचार, एवढाच त्याचा अर्थ. हा विचार, हातातलं सामान आणि लढणारी माणसं या तिन्ही गोष्टी एकमेकींना जुळल्या तर सैन्य चालतं. एक जरी बेजोड झाली तर बाकी दोन वाया जातात. कोळी पलटणीत तिन्ही जुळल्या होत्या. नोव्हेंबर १८५९ मध्ये सिन्नर तालुक्यात मिठसागरला भागोजी नाईक मारले गेले. तो शेवटचा घाव पोलिस अधिकारी सूटरच्या तुकडीचा होता, पण तोपर्यंतची दोन वर्षं डोंगर बंद करत आणण्यात कोळी पलटणीचा मोठा वाटा होता.

हाच धडा पुढे मोठ्या सैन्यांना पुन्हा पुन्हा शिकावा लागला. सहलीत पाहिलेला तो पॅटन घ्या. १९६५ मध्ये पंजाबात असल उत्तरला हे रणगाडे पाणी सोडून चिखल केलेल्या शेतांत आणि उसात अडकले. जीपवर बसवलेल्या तोफेने हवालदार अब्दुल हमीद यांनी त्यांचा समाचार घेतला. यंत्र उत्तम होतं, जमीन त्याची नव्हती. म्हणजे संग्रहालयातला तो रणगाडा यंत्राचा मोठेपणा सांगत नव्हताच. तो उलटंच सांगत होता आणि आपण फोटो काढत होतो.

त्याआधी १९६२ मध्ये आपलं सैन्य सुती कपड्यांत आणि जुन्या रायफली घेऊन हिमालयात चढलं, त्याची किंमत आपण मोजली. त्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असं आपण तेव्हापासून म्हणतो. त्यांच्या काळात सैन्य सव्वाआठ लाखांपर्यंत वाढवायचं ठरलं आणि त्यात डोंगरात लढणाऱ्या दहा वेगळ्या डिव्हिजन उभ्या करायचं ठरलं: हलक्या तोफा, खेचरं, पाठीवरचं सामान. आणि परवापरवाची गोष्ट. २०२० मध्ये लडाखमध्ये तणाव वाढला तेव्हा शेहेचाळीस टनांचे टी-९० रणगाडे वर चढवावे लागले. त्यानंतर डोंगरासाठी मुद्दाम पंचवीस टनांचा 'जोरावर' रणगाडा तयार झाला. वजन कमी करा, डोंगर तुमचं ऐकणार नाही, तुम्हाला डोंगराचं ऐकावं लागेल. हे कोळी पलटणीने वहाणा घालून सिद्ध केलं होतं.

मार्च १८६१

आता या गोष्टीचा तो भाग, ज्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला.

बंड संपलं. मे १८६० मध्ये नेहमीच्या पलटणी परत गेल्या आणि ठाण्यांवर त्यांची जागा कोळी पलटणीच्या तुकड्यांनी घेतली. दहा महिने त्यांनी हे शांततेतलं काम केलं. मार्च १८६१ मध्ये पलटण मोडली. थोडे पोलिसात घेतले गेले. बाकीचे आपल्या शेतीकडे आणि मजुरीकडे परत गेले. गॅझेटियरमध्ये हे एका वाक्यात संपतं.

सहाशे माणसं. वर्दी उतरवून एका सकाळी गावी परतलेली. नागलीचं आणि वरईचं शेत, डोईवर तेच कर्ज. सरकारी कागद त्यांच्या शिस्तीचं आणि धाडसाचं भरभरून कौतुक करतो आणि पुढच्याच श्वासात त्यांना घरी पाठवतो.

माझ्या धंद्यात याला 'बेंच' म्हणतात. प्रोजेक्ट संपला की माणूस बेंचवर जातो. मी २००९ च्या मंदीत पाच महिने बेंचवर होते. रोज ऑफिसला जायचं, कार्ड दाखवायचं आणि दिवसभर कुणी काही विचारत नाही. पगार चालू होता, तरी ते पाच महिने मला आजही आठवतात. मग जिथे पगारही बंद आणि गाव साठ किलोमीटर आत, तिथे काय झालं असेल?

शांततेत सैन्य ठेवायचं किती आणि कसं, हा प्रश्न जगातल्या प्रत्येक राज्याला पडलेला आहे. सगळ्यांना कायम ठेवलं तर खजिना पुरत नाही. सगळ्यांना सोडलं तर पुढच्या युद्धाला माणसं नाहीत, आणि सोडलेली माणसं अस्वस्थ. नेपोलियनने १८०८ मध्ये प्रशियावर ४२ हजार सैन्याची मर्यादा घातली, तेव्हा त्यांनी माणसं घ्यायची, शिकवायची, सोडायची आणि नवी घ्यायची, असा मार्ग काढला. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर बराच काळ जवान काही वर्षं नोकरी करून राखीव यादीत जायचा. पुढे ही नोकरी पंधरा-सतरा वर्षांची झाली आणि बहुतेक जवान पस्तिशी-चाळिशीत पेन्शन घेऊन बाहेर पडू लागले. २०२२ पासून अग्निपथ योजना आली: चार वर्षांची सेवा, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम, बाकीच्यांना एकरकमी निधी. तिच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ बोललं गेलंय, त्यात मी पडत नाही. मला फक्त आपल्या तालुक्याचा अनुभव मांडायचा आहे. १८१८ मध्ये माणसं मोकळी केली तेव्हा मागे काहीच ठेवलं नाही, आणि तीस वर्षं डोंगर धुमसत राहिला. १८६१ मध्ये थोड्यांना पोलिसात सामावलं, बाकीच्यांना शेती दाखवली. भरती कशी करावी याचा नटॉलने उत्तम विचार केला होता. परत कसं पाठवावं याचा त्याच्या वरिष्ठांनी किती केला, ते त्या एका वाक्यावरून दिसतंच.

आपला जिल्हा तर या सगळ्याच्या मधोमध आहे. चिलखती दलाचं केंद्र आणि शाळा नगरला आहे. मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र नगरला आहे. सैन्याच्या गाड्यांवर संशोधन करणारी व्हीआरडीई नगरला आहे. युद्ध नसताना सैन्य काय करतं, याचं उत्तर नगरच्या रस्त्यावर दिसतं: ते शिकतं आणि शिकवतं. पूर्वी रणगाड्यात चार माणसं लागायची. टी-७२ मध्ये तोफ यंत्राने भरली जाऊ लागली आणि एक माणूस कमी झाला. पण उरलेल्या तिघांना जास्त शिकावं लागलं. यंत्र आलं म्हणून माणसाचं महत्त्व कमी होत नाही, हे मी माझ्या कामातही रोज पाहते. माणसं कमी होतात, प्रत्येकावरचा भार वाढतो.

आपल्या बाकांवर

हे सगळं वाचल्यावर मी आपल्या ग्रुपवर विचारलं होतं, आठवत असेल: कोळी पलटणीबद्दल कुणी घरी ऐकलंय का? ग्रुपवर कुणीच उत्तर दिलं नाही, दोन-चार अंगठे तेवढे आले. रात्री दोघांचे वेगवेगळे फोन आले. नावं देत नाही, ती दोघं वाचतीलच.

पहिली राजूरकडची. ती म्हणाली, "आमच्याकडं राघोजींचं नाव निघतं तेव्हा सगळे बोलतात. पलटणीचं कुणी काढत नाही. काढावं तर सांगायचं काय, की आपण साहेबाच्या बाजूनं लढलो?"

दुसरा भिल्ल समाजातला. तो हसून म्हणाला, "तुला आत्ता सापडलं व्हय? आमच्या आजाला ठावं होतं. भागोजी नाईकांमागं डोंगरात कोण फिरत होतं, ते तो सांगायचा. पण शेवटी म्हणायचा, दोघांचीबी पोटं रिकामीच होती रं."

ती दोघं शाळेत दोन वर्षं शेजारशेजारच्या बाकांवर बसत होती. डबा एकत्र खायची. गॅझेटियर म्हणतं की कोळी आणि भिल्ल पिढीजात वैरी. मला आता त्या शब्दाची शंका येते. एकाला दुसऱ्यावर सोडायचं असेल तर ते पिढीजात वैरी आहेत असं लिहून ठेवणं फार सोयीचं असतं. भागोजी एकेकाळी सरकारी पोलिसात. राघोजींचा भाऊ पुढे सरकारी पलटणीत. दोघांनाही राज्याने गरजेपुरतं वापरलं. त्या आजोबांनी एका वाक्यात सांगितलं ते मला तीन रात्री वाचून कळलं.

आता तिसऱ्या फोनबद्दल. तो मला कधीच आला नाही, कारण मी त्या मित्राला तशी वेळच दिली नाही.

आपल्या वर्गातला एक जण बारावीनंतर पायदळात भरती झाला. सतरा वर्षं. सियाचीन पाहिलं, काश्मीर पाहिलं, हवालदार म्हणून बाहेर पडला तेव्हा सदतिसाव्या वर्षात होता. परत आल्यावर त्याने मला स्वतःचा बायोडाटा पाठवला होता. "तुझ्या कंपनीत काही असेल तर बघ. शिकायची तयारी आहे." मी तो एचआरला पुढे ढकलला. उत्तर आलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही. प्रोजेक्टची डिलिव्हरी होती, मुलीची परीक्षा होती, नेहमीची कारणं होती. वर्षभराने कळलं की तो पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर सुरक्षारक्षक आहे. रात्रपाळीला. म्हणजे मी आरामात खुर्चीत बसून गॅझेटियर वाचत होते त्या वेळी तोही जागाच असणार.

सुरक्षारक्षकाचं काम कमी प्रतीचं नाही. पण ज्या माणसाने शून्याखालच्या थंडीत तीस जणांची रसद, औषधं, रेडिओ आणि हत्यारं सांभाळली, त्याला माझ्या क्षेत्रात 'ऑपरेशन्स' म्हणतात आणि त्यासाठी आम्ही माणसं शोधत असतो. त्याच्या बायोडाट्यात ते शब्द नव्हते, एवढंच. ते शब्द मला येत होते. एक संध्याकाळ बसून मी तो बायोडाटा नीट लिहून देऊ शकले असते.

मार्च १८६१ च्या त्या एका वाक्याचा मला राग येतो तेव्हा मला हा बायोडाटा आठवतो. माणसं सरकार मोकळी करतं हे खरं. पण परत आल्यावर ती येतात आपल्याकडे, आपल्या गल्लीत, आपल्या ग्रुपवर.

मी मागच्या महिन्यात त्याला फोन केला. माफी मागायला लागले तर तो म्हणाला, "सोड गं, तू काय सरकार आहेस?" मग आम्ही दोन रविवार बसून त्याचा बायोडाटा नव्याने लिहिला. सतरा वर्षांत त्याने काय काय केलं ते सांगताना तो मध्येच थांबायचा आणि म्हणायचा, "हे पण लिहायचं? हे तर रोजचंच होतं." अजून काम मिळालेलं नाही. दोन ठिकाणी बोलणं चालू आहे.

मित्रमैत्रिणींनो, स्नेहसंमेलनात आपण जेवू, गाणी म्हणू, सरांच्या पाया पडू. त्यात अर्धा तास मला द्या. आपल्या शाळेतून सैन्यात गेलेले आणि परत आलेले किती जण आहेत याची एक यादी करू. आपल्यात डॉक्टर आहेत, बँकवाले आहेत, कारखान्यात आहेत, माझ्यासारखे कॉम्प्युटरवाले आहेत, दूध डेअरी आणि पोल्ट्रीवाले आहेत. प्रत्येकाने त्या यादीतल्या एका नावाबरोबर एक रविवार बसायचं. आणि चार वर्षांनी परत येणारी मुलं आता आपल्या मुलांच्या वयाची असतील, त्यांच्यासाठी ही यादी उघडी ठेवायची.

दुसरी विनंती राजूर, कोतूळ, समशेरपूर, देवठाण या भागातल्या सगळ्यांना. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर बसून विचारा. पलटणीबद्दल विचारा, भागोजी नाईकांबद्दल विचारा. जे सांगतील ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. साहेबाची बाजू छापून दीडशे वर्षं होत आली. सहाशे माणसांपैकी एकाच्याही घरची बाजू छापलेली मी अजून वाचलेली नाही. ती पुढच्या स्मरणिकेत आली तर माझा हा लेख कुणी वाचला नाही तरी चालेल.